निक्सी घड्याळात ३ चा आकडा अर्धाच पेटतो, ट्यूब खरंच संपली का? (आयएन-१२, किट)

विश्रामबाग_प्रयोगशाळा

नमस्कार. मी सांगलीत राहते, अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत चार ट्यूबचं निक्सी घड्याळाचं किट आणून जोडलं. (निक्सी म्हणजे काचेच्या ट्यूबमधले धातूचे आकडे, ज्यांच्यालगत निऑन चमकतो.) ट्यूब रशियन, आयएन-१२, काचेवर ८७ सालचा शिक्का आहे. त्या सॉकेटमध्ये बसतात, म्हणून मुद्दाम हेच किट निवडलं. चारही ट्यूबना मिळून के१५५आयडी१ ही एकच ड्रायव्हर आयसी आहे, ती ट्यूबना आळीपाळीने चालवते. बाकी अ‍ॅटमेगा३२८ हा मायक्रोकंट्रोलर, वेळेसाठी डीएस३२३१चं तयार मॉड्यूल, १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, आणि त्यातून १८० व्होल्ट करणारं बूस्ट सर्किट बोर्डावरच.

घड्याळ प्रयोगशाळेत कपाटावर ठेवलंय, रात्रंदिवस चालू असतं. वर्णपट शिकवताना मुलांच्या हातात जुन्या सीडीचा तुकडा देते आणि तिरका धरून आकड्याकडे बघायला सांगते. निऑनच्या पिवळ्या, नारिंगी, लाल रेषा वेगवेगळ्या दिसल्या की शेवटच्या बाकावरचेही पुढे येतात. त्यामुळे हे घड्याळ बंद पडू द्यायचं नाहीये.

आता अडचणी.

घड्याळ दर मिनिटाला थोडा वेळ तारीख दाखवतं. गेल्या ३० तारखेला लक्षात आलं की सगळ्यात डावीकडच्या ट्यूबमधला ३ वरच्या अर्ध्यातच पेटतोय, खालचा बाक काळाच. मग चाचणी मोड लावून चारही ट्यूबमध्ये ० ते ९ फिरवले. डावीकडच्या ट्यूबमध्ये ०, १, २ एकदम स्वच्छ. ७ ची तिरकी रेघ मध्येच तुटते, ६ आणि ८ तुकड्यातुकड्यांनी पेटतात. मिनिटाच्या दशकाच्या ट्यूबमध्ये ७, ८, ९ जरा फिके. मिनिटाच्या एककाची ट्यूब मात्र नव्यासारखी.

दुसरं, पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी प्रयोगशाळा उघडली की खऱ्या आकड्याच्या मागे आणखी एखादा आकडा मंद दिसतो. दुपारपर्यंत जातो.

तिसरं, लाईट जाऊन आली आणि खोलीत अंधार असला, तर एखादी ट्यूब पेटायलाच वेळ घेते. ट्यूबलाईट लावली की लगेच पेटते! हे मला फार कुतूहलाचं वाटतं.

किट जिथून घेतलं त्यांना फोटो पाठवले. "ट्यूब संपल्या, चारही बदला," एवढंच उत्तर आलं. बदलायच्या तर बदलेन, पण आधी खात्री करून घ्यायची आहे. कुणी अशा ट्यूबवर काम केलंय का?

---

कुपवाड_वायंडिंग

मॅडम, ट्यूब संपली का ते जाणकार सांगतील. माझं मत वेगळ्या बाजूने. मुलांच्या हाताशी असलेल्या वस्तूत १८० व्होल्ट डीसी मला पटत नाही. मी घरी व्हीएफडीचं (व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले) घड्याळ केलंय, आयव्ही-११ ट्यूबचं. त्याही रशियनच. पंचवीस-तीस व्होल्टवर मस्त चालतात, रंग निळसर हिरवा. आतल्या बारीक तारा नीट बघितल्या तरच दिसतात, आणि त्यावरून फिलामेंट, ग्रिड, अ‍ॅनोड हा धडाही घेता येतो. किटची किंमतही त्याच घरातली. निक्सीचा नारिंगी रंग त्यात नाही हे कबूल, पण शाळा-कॉलेजसाठी मी तरी तेच घेईन.

निक्सीच ठेवणार असाल तर निदान वरून अ‍ॅक्रिलिकचं झाकण बसवा.

---

मिरज_कॅलिब्रेशन

मॅडम, ट्यूब संपलेल्या नाहीत. एकही टाकू नका.

माझी सगळी नोकरी मोजमापाची उपकरणं दुरुस्त करण्यात गेली. जुन्या फ्रीक्वेन्सी काउंटरमध्ये, डिजिटल व्होल्टमीटरमध्ये याच जातीच्या ट्यूब असायच्या. काउंटरचा सगळ्यात डावा आकडा कायम ० वर बसलेला, आणि कधीतरी मोठी फ्रीक्वेन्सी लावली की ७ अर्धाच यायचा. अगदी तुमचंच दुखणं. याला कॅथोड पॉयझनिंग म्हणतात आणि ते बहुतेक वेळा बरं होतं.

आत काय चाललंय ते सांगतो, तुम्हाला वर्गातही सांगता येईल. ट्यूबमध्ये दहा आकडे म्हणजे दहा वेगळे कॅथोड, एकामागे एक रचलेले, आणि पुढे जाळीचा अ‍ॅनोड. भोवती कमी दाबाचा निऑन. जो आकडा ड्रायव्हर आयसी जमिनीला जोडते त्याच्या पृष्ठभागालगत निऑन चमकतो. त्या वेळी निऑनचे आयन त्या आकड्यावर सतत आदळत असतात आणि धातूचे अणू उडवतात. उडालेला धातू शेजारच्या थंड आकड्यांवर जाऊन बसतो. पेटणारा आकडा आदळआपटीमुळे आपोआप साफ राहतो, न पेटणारा माखत जातो. माखलेल्या जागी नेहमीच्या व्होल्टेजला चमक धरत नाही.

आता तुमच्या नोंदी बघा. डावी ट्यूब वेळ दाखवताना ०, १, २ सोडून काही दाखवतच नाही. ३ ला फक्त ३० आणि ३१ तारखेला थोडा वेळ मिळतो. ७ ला कधीच नाही. मिनिटाच्या दशकात ५ च्या पुढचं काही येत नाही, तिथे ७, ८, ९ फिके. आणि मिनिटाच्या एककात दहाही आकडे दर दहा मिनिटांनी येतात, ती ट्यूब नव्यासारखी. इतक्या नेमक्या नोंदी समोर असताना चारही ट्यूब बदला असं सांगणं मला पटत नाही. या ट्यूब आता कुठल्या मोठ्या कारखान्यात होत नाहीत. बरोज कंपनीने १९५५ मध्ये त्या बाजारात आणल्या, सत्तरच्या दशकात एलईडी आकडे आले आणि पाश्चात्त्य कारखाने हळूहळू थांबले. सोव्हिएत कारखान्यांनी पुढे बराच काळ केल्या, आपल्याला मिळतो तो त्यांचाच उरलेला साठा. आजच्या काळात चेक देशात दालिबोर फार्नी हे गृहस्थ हाताने नव्या ट्यूब बनवतात, मोठ्या आकाराच्या, आणि त्यांची किंमत आपल्या पगाराच्या हिशेबात बसत नाही. तेव्हा हातातली चांगली ट्यूब सांभाळणं मी तरी कर्तव्य मानतो.

पण ट्यूबला हात लावण्याआधी पुरवठा मोजा. मला दाट शंका आहे की तुमचे १८० व्होल्ट आता १८० राहिलेले नाहीत.

मोजताना: आधी अ‍ॅडॅप्टर काढा. मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीवर. काळी वायर मगरचिमट्याने ग्राउंडला, लाल वायर चिमट्यानेच हाय व्होल्टेजच्या कपॅसिटरच्या प्लसला. मग हात मागे घ्या आणि अ‍ॅडॅप्टर लावा. चालू बोर्डावर प्रोब धरून चाचपडायचं नाही. बंद केल्यावर आकडा १० च्या खाली आल्याशिवाय बोर्डाला बोट लावायचं नाही. मोजमाप ट्यूब पेटलेल्या असतानाच घ्या, रिकाम्या बोर्डावर घेतलेलं व्होल्टेज फसवं असतं.

याला एवढं महत्त्व का, ते हिशेबात दिसतं. पेटलेल्या आयएन-१२ वर साधारण १४० व्होल्ट टिकून राहतात, पुरवठा कितीही असो. बाकीचे अ‍ॅनोडच्या रेझिस्टरवर पडतात आणि करंट त्यावरच ठरतो. पुरवठा १८० असेल तर रेझिस्टरला ४० मिळतात. पुरवठा १५५ वर आला तर १५ च मिळतात. म्हणजे व्होल्टेज १४ टक्क्यांनीच उतरलं, पण करंट अडीच पटीहून जास्त पडला. अपुऱ्या करंटवर चमक आकड्याभर पसरत नाही, आणि आधीच माखलेला भाग सगळ्यात आधी काळा पडतो.

तुमची तिसरी तक्रारही इथेच येते. ट्यूब पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात, पेटल्यावर टिकायला त्याहून कमी. शिवाय सुरुवातीला वायूत एखाददुसरा मोकळा इलेक्ट्रॉन असावा लागतो. खोलीत उजेड असेल तर धातूवर पडणारा प्रकाश तो देतो, गच्च अंधारात त्याची वाट बघावी लागते. व्होल्टेज भरपूर असलं तर हा फरक जाणवत नाही, काठावर असलं की लगेच जाणवतो. ट्यूबलाईट लावल्यावर तुमची ट्यूब पेटते, त्यावरूनच मी पुरवठ्यावर संशय घेतोय.

१७५ ते १८० पेक्षा कमी आलं तर बूस्ट सर्किटजवळ छोटा प्रीसेट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) असेल, तो अगदी हळू फिरवून १८० वर आणा. प्रीसेटने वर येत नसेल तर दोन गोष्टी बघा. एक, अ‍ॅडॅप्टर भारावर खरंच १२ देतोय का. दोन, बूस्टचा डायोड. तिथे यूएफ४००४ सारखा जलद डायोड हवा. स्वस्त किटमध्ये कधीकधी १एन४००७ लावलेला असतो. तो ५० हर्ट्झसाठी उत्तम, पण इथे हजारो वेळा स्विचिंग होतं, त्यात तो वेळेवर बंद होत नाही, तापतो आणि व्होल्टेज खातो.

पावसाळ्यातले मंद आकडे. हे दोन कारणांनी होतात आणि ती ओळखणं सोपं आहे. भुताचा आकडा दिवसभर राहत असेल तर प्रोग्राममध्ये एक ट्यूब बंद करून दुसरी चालू करण्यामध्ये पुरेशी विश्रांती नाही. शेदोनशे मायक्रोसेकंद सगळं बंद ठेवलं की जातो. तुमच्याकडे तो फक्त ओल्या सकाळी येतो आणि बोर्ड गरम झाला की जातो. म्हणजे बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलाय, तो ओल धरतो आणि सॉकेटच्या पिनांमध्ये करंट झिरपतो. १८० व्होल्टला मायक्रोअँपिअरची गळतीसुद्धा डोळ्यांना दिसते. कृष्णाकाठची जुलैतली हवा तुम्हाला वेगळी सांगायला नको. ट्यूब काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या, सॉकेटच्या खालची बाजू आणि के१५५आयडी१ च्या पायांमधली जागा घासून काढा. मग फडक्याने टिपून घ्या, नाहीतर विरघळलेला फ्लक्स तिथेच पसरून वाळतो. दिवसभर सुकू द्या, मगच वीज.

आता ट्यूबचा उपाय, आणि तो तुमच्याकडे फुकट आहे कारण तुमच्या ट्यूब सॉकेटवर आहेत. डावीकडची ट्यूब काढून मिनिटाच्या एककात लावा, एककाची डावीकडे. तिथे तिचे दहाही आकडे दिवसरात्र पेटतील आणि हळूहळू साफ होतील. मिनिटाच्या दशकाची आणि तासाच्या एककाचीही अशीच अदलाबदल करा. ट्यूब काढताना काचेला धरून डावी-उजवीकडे वाकवायची नाही, सरळ वर ओढायची.

सगळं करून कळवा. मला उत्सुकता आहे.

---

विश्रामबाग_प्रयोगशाळा

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. उत्तर छापून प्रयोगशाळेच्या फळ्याशेजारी लावलंय.

पुरवठा १५७ होता! प्रीसेट फिरवत १७९ वर आणला आणि माझ्यासमोर ३ चा खालचा बाक वरून खाली भरत गेला. पूर्ण नाही, उजवीकडे खाली बारीक तुकडा अजून काळा आहे. ७ पूर्ण झाला. ६ आणि ८ अजून तुटक. अंधारात पेटायची अडचण पूर्ण गेली, दारं-खिडक्या लावून मुद्दाम करून पाहिलं. डायोड यूएफ४००४ च आहे.

सॉकेटखाली पांढरट पिवळा थर होता, भिंगातून पाहिल्यावर दिसला. ब्रशने घासला, टिपला. त्यानंतर दोन चांगल्या ओल्या सकाळी गेल्या, मागचा आकडा नाही.

ट्यूबची अदलाबदलही केली. या निमित्ताने मुलांनी एक गोष्ट शोधून काढली: या ट्यूबमधला ५ म्हणजे उलटा केलेला २ आहे. आणि आकडे क्रमाने रचलेले नाहीत, त्यामुळे मिनिट बदललं की आकडा कधी पुढे येतो, कधी मागे जातो. इतके महिने मी रोज बघत होते, मला दिसलं नव्हतं.

आता दोन प्रश्न. ६ आणि ८ साठी अजून काही करता येईल का? आणि रात्रंदिवस चालू ठेवणं चूक आहे का?

---

साताऱ्याचा_सोल्डर

मॅडम, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. साताऱ्यात माझ्याकडे आयएन-१४ चं घड्याळ आहे, सहा ट्यूबचं, माझ्या ट्यूब थेट बोर्डाला सोल्डर केलेल्या. काकांनी सांगितलेली अदलाबदल मला शक्यच नाही. म्हणून प्रोग्राममध्ये दर तासाच्या ५९ व्या मिनिटाला सगळ्या ट्यूबवर ० ते ९ जोरात फिरवतो, आणि पहाटे तीनला जास्त वेळ. तुमची अ‍ॅटमेगा३२८ आहे, किटवाल्याने कोड दिला असेल तर एवढी भर घालणं अवघड नाही. डावीकडच्या ट्यूबला यात ३ ते ९ जास्त वेळ द्या, ०, १, २ ला गरज नाही.

वर्षाचे तास होतात ८,७६०. प्रयोगशाळा त्यातला किती वेळ उघडी असते? एचसी-एसआर५०१ हा माणसाची हालचाल ओळखणारा स्वस्त सेन्सर पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. खोलीत कुणी नसेल तर हाय व्होल्टेज बंद, आत पाऊल टाकलं की चालू. वेळ डीएस३२३१ सांभाळतंच, ट्यूब बंद असल्या तरी. ट्यूबचं आयुष्य कित्येक पटींनी वाढेल.

त्या डीएस३२३१ बद्दल एक महत्त्वाचं. आयसी उत्तम आहे, वर्षाला फार तर मिनिटभर इकडेतिकडे. पण तयार निळं मॉड्यूल असेल तर त्यावर बॅटरी चार्ज करणारा डायोड आणि रेझिस्टर असतो, तो चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी. आपण सगळे त्यात साधा सीआर२०३२ घालतो. साध्या सेलला चार्जिंग चालत नाही, फुगतो, गळतोसुद्धा. तो रेझिस्टर काढून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. वर्गात ठेवायच्या घड्याळात हे राहू देऊ नका.

---

मिरज_कॅलिब्रेशन

साताऱ्याच्या मित्राने सेलचं सांगितलं ते फार बरं केलं. सेन्सरही लावाच.

६ आणि ८ साठी: एककाच्या जागी ती ट्यूब महिनाभर राहू द्या, बहुतेक काम तिथेच होईल. तरी राहिलं तर ट्यूब वेगळी काढून एका रिकाम्या सॉकेटवर बसवा, १८० व्होल्ट, अ‍ॅनोडला १२ के (किलोओम), अर्ध्या वॉटचा रेझिस्टर. करंट साधारण ३.३ मिलिअँपिअर येईल. फक्त ६ चा कॅथोड जमिनीला जोडून काही तास पेटता ठेवा, मग ८. करंट साडेतीनच्या वर न्यायचा नाही. जास्त करंटने साफसफाई लवकर होते हे खरं, पण धातूही लवकर उडतो आणि काच आतून काळवंडते. ती परत साफ करता येत नाही. मधूनमधून बघत राहा, काळा तुकडा कडेकडून आक्रसत जाताना दिसेल. रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजून त्याला १२ हजारने भागलं की करंट मिळतो, मुलांकडून करून घ्यायला चांगलं गणित आहे. चिमटे मात्र तुम्हीच लावा.

कुपवाडच्या दादांची काळजी रास्त आहे, ती बाजूला सारू नका. अ‍ॅडॅप्टर चांगल्या बनावटीचाच ठेवा, त्यामुळे बोर्ड घरच्या लाईनपासून वेगळा राहतो. कुणी २३० व्होल्ट थेट डायोडने सरळ करून निक्सी पेटवायचं सर्किट दाखवलं तर वर्गात ते अजिबात आणू नका. तुमच्या बोर्डावरच्या हाय व्होल्टेज कपॅसिटरला समांतर ४७० के चा एक रेझिस्टर लावा, म्हणजे बंद केल्यावर तो काही सेकंदांत रिकामा होईल. आणि झाकण हवंच.

झाकणासाठी मिरजेला या. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या दांडीसाठी तून लाकूड वापरतात, त्याचे उरलेले तुकडे मागितले तर मिळतात. हलकं असतं, कापायला सोपं, आणि लाखेचं पॉलिश लावलं की त्याच्या तांबूस रंगावर निऑनचा उजेड सुरेख पडतो. खालची चौकट तुनाची, वर तीन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक. सीडीच्या तुकड्यातून बघायला अडथळा येणार नाही. मागच्या बाजूला वर-खाली दोन ओळी भोकं ठेवा, हवा खेळली पाहिजे. बूस्टची कॉइल आणि मॉसफेट गरम होतात, आणि बंद पेटीत ओल कोंडली की फ्लक्सचा त्रास पुन्हा सुरू होईल.

---

विश्रामबाग_प्रयोगशाळा

सेलचा रेझिस्टर आजच काढला, सेन्सर मागवलाय. ४७० के कॉलेजच्या ड्रॉवरमध्येच सापडला, एक वॉटचा आहे, चालेल ना? रविवारी मिरजेला येते. लाकडाची मापं काढून ठेवली आहेत.

---

मिरज_कॅलिब्रेशन

चालेल. तिथे पाव वॉटचाही पुरला असता व्होल्टेज रेटिंग बघून, एक वॉटचा जास्त निर्धास्त. रविवारी अकराच्या आत या, नंतर दुकानं बंद होतात. आणि येताना ती डावीकडची ट्यूब सॉकेटसकट घेऊन या, माझ्याकडे बेंच सप्लाय आहे. ६ आणि ८ दोघं मिळून बघू.